प्रश्न लहान करा, मग लोकांना विचारा

इंदूरमधील एका मराठी वाचनालयाच्या कार्यकारिणीने विचारले आहे की, हवामान बदलावर नागरिकांकडून ऑनलाइन स्पर्धेद्वारे कल्पना मागवल्या तर त्यातून काही निष्पन्न होते का, आणि होत असेल तर अशी स्पर्धा कशी घ्यावी. त्यांची प्राथमिक आखणी अशी आहे: ‘हवामान बदल रोखण्यासाठी आपण काय करू शकतो?’ हा विषय, पाचशे शब्दांची मर्यादा, पहिले बक्षीस २१ हजार रुपये आणि निकाल ऑनलाइन मतदानाने. नागरिकांसाठीच्या अशा स्पर्धांची आखणी आणि परीक्षण हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

निष्पन्न होते, पण या आखणीतून होणार नाही. या विषयावर शाळेच्या निबंधासारख्या शेकडो प्रवेशिका येतील: झाडे लावा, प्लास्टिक टाळा, सायकल वापरा, सौरऊर्जा आणा. यातले काहीही चूक नाही आणि यातले काहीही कोणाला माहीत नाही असेही नाही. सामान्य नागरिकांकडून नवे तंत्रज्ञान मिळेल ही अपेक्षा बहुतेक आयोजक बाळगतात आणि तिथेच त्यांची निराशा होते. लोकांकडे जी माहिती असते आणि जी कोणत्याही अहवालात सापडत नाही, ती अडथळ्यांची असते. सर्वांना पटलेली, स्वस्त आणि सिद्ध झालेली गोष्ट आपल्या गल्लीत, आपल्या इमारतीत, आपल्या दुकानात का होत नाही, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते. स्पर्धेची सारी रचना ही माहिती बाहेर काढण्यासाठी हवी, आणि प्रश्न जगाएवढा मोठा असेल तर ती बाहेर येत नाही.

या क्षेत्रातील सर्वांत परिचित प्रयोगाचा प्रवासही याच दिशेने झाला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सामूहिक बुद्धिमत्ता केंद्राने प्राध्यापक थॉमस मलोन यांच्या नेतृत्वाखाली २००९ मध्ये ‘क्लायमेट कोलॅब’ सुरू केले. जगातील कोणीही तिथे प्रस्ताव मांडावा, इतरांनी त्यावर मत द्यावे, सुधारणा सुचवाव्यात आणि शेवटी निवड व्हावी, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात एक लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. सुरुवातीच्या स्पर्धांमध्ये जगातील देशांनी हवामानाबाबत कोणता करार करावा, अशा आकाराचे प्रश्न होते. पुढे आयोजकांनी विषय फोडला आणि इमारती, वाहतूक, शेती, वीजनिर्मिती, बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे, अशा स्वतंत्र स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे मधला टप्पा. पहिल्या फेरीत निवडलेल्या प्रस्तावांवर जाणकार लेखी शेरे देत, प्रस्तावकाला ते वाचून मजकूर सुधारायला वेळ मिळे, आणि सुधारलेला मजकूरच अंतिम फेरीत जाई. आपल्याकडील बहुतेक स्पर्धांमध्ये प्रवेशिका एकदा पाठवली की ती निकालापर्यंत तशीच राहते. त्यामुळे अर्धवट पण चांगली कल्पना सफाईदार पण पोकळ कल्पनेपुढे हरते.

प्रश्न नेमका असण्याचे महत्त्व मोठ्या बक्षिसांच्या इतिहासातही दिसते. २००७ मध्ये ब्रिटिश उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांनी हवेतील हरितगृह वायू काढून घेण्याच्या टिकाऊ पद्धतीसाठी अडीच कोटी डॉलरचे बक्षीस जाहीर केले. प्रस्ताव भरपूर आले, ११ अंतिम फेरीत गेले, आणि २०१९ मध्ये कोणालाही बक्षीस न देता ती स्पर्धा बंद झाली. त्याच उद्देशाची दुसरी स्पर्धा, एक्सप्राइझ कार्बन रिमूव्हल, २०२१ मध्ये सुरू झाली. वर्षाला १,००० टन कार्बन डायऑक्साइड काढून दाखवा आणि तो मोजून दाखवा, अशी तिची अट होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिचे पाच कोटी डॉलरचे मुख्य पारितोषिक दिले गेले. मधल्या काळात तंत्रेही पुढे गेली, त्यामुळे सारे श्रेय अटीच्या शब्दांना देता येणार नाही. तरी मोजता येणारी अट हा मोठा फरक होता असे मी मानतो. ज्या ‘माती कार्बन’ या चमूला ते पारितोषिक मिळाले, त्यांची पद्धत बेसॉल्ट खडकाची भुकटी भारतातील लहान शेतकऱ्यांच्या शेतात पसरण्याची आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्या भुकटीशी अभिक्रिया करून बायकार्बोनेटच्या रूपात बांधला जातो. आपले माळव्याचे पठार याच काळ्या खडकाचे आहे, हे इथल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

भारत सरकारच्या सहभागाने २०१८ मध्ये जाहीर झालेले ग्लोबल कूलिंग प्राइझ हे प्रश्न मांडण्याचे आणखी चांगले उदाहरण आहे. ‘चांगला एसी बनवा’ असे त्यात म्हटले नव्हते. प्रचलित घरगुती एसीच्या तुलनेत हवामानावरील परिणाम पाचपटीने कमी आणि किंमत, मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाल्यावर, दुपटीच्या आत, अशी कसोटी होती. २०२१ मध्ये दोन विजेते चमू ठरले, आणि ते का जिंकले हे कोणालाही आकड्यांत सांगता येत होते.

वाचनालयाने कोटींची बक्षिसे द्यावीत असे मी अर्थातच सुचवत नाही. पण प्रश्न त्याच शिस्तीने मांडता येतो, आणि इंदूरसाठी तसा एक प्रश्न तयारच आहे. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि विंध्याचा चढ पार करून येते. नदीकाठ आणि शहर यांच्या उंचीत सुमारे ४०० मीटरचा फरक आहे. एक हजार लिटर पाणी ४०० मीटर वर उचलायला भौतिकशास्त्राच्या शुद्ध हिशेबाने एक युनिटहून थोडी जास्त वीज लागते, आणि पंपांची कार्यक्षमता व जलवाहिनीतील घर्षण धरले तर हा आकडा दीड युनिटांच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. देशातील एक युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे हजार लिटर पाण्यामागे एक किलोहून अधिक. चार माणसांच्या घराने दरडोई १३५ लिटरच्या नियमाने पाणी वापरले तर महिन्याला सुमारे १६ हजार लिटर होतात, आणि केवळ ते पाणी घरापर्यंत आणण्यापोटी १६-१७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यात घरातील आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर सांडपाणी म्हणून सोडत असेल तर विंध्य चढून आलेल्या पाण्याचा मोठा भाग सरळ मोरीत जातो.

ही गोष्ट महापालिकेलाही ठाऊक आहे. म्हणूनच फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, सार्वजनिक विक्रीस काढून, जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्याचे काम तिने हाती घेतले, आणि त्या रोख्यांना मागणीही कित्येक पट आली. पुरवठ्याच्या बाजूने काम सुरू आहे. वापराच्या बाजूने काय करता येईल, हे मात्र सोसायटीत, वाड्यात आणि फ्लॅटमध्ये राहणारेच सांगू शकतील. म्हणून मी प्रश्न असा मांडेन: ‘आपल्या इमारतीत किंवा गल्लीत येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याचा वापर, कोणाचीही गैरसोय न करता आणि घरटी ५०० रुपयांपेक्षा जास्त खर्च न करता, एका वर्षात पाचव्या हिश्श्याने कसा कमी करता येईल? हे आजवर का झाले नाही, आणि तो अडथळा कसा दूर कराल?’ शेवटचे वाक्य काढू नका. मर्यादेतील निम्मे शब्द त्या वाक्याच्या उत्तरासाठी राखून ठेवा, असे प्रवेशपत्रावर स्पष्ट लिहा.

अडथळ्याचा प्रश्न विचारला की काय घडते, याचे एक उदाहरण जरा तपशिलाने सांगतो. एका वस्तीपुरत्या घेतलेल्या स्पर्धेत आम्ही विचारले होते की, पत्र्याच्या छपराखालचे घर एप्रिल ते जून या काळात विजेचा जादा खर्च न करता दुपारी थंड कसे ठेवावे. घरी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची प्रवेशिका एका ओळीची होती: छपराला पांढरा चुना मारावा. ही कल्पना जुनी आहे. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि तिथल्या वस्त्यांमधील पांढऱ्या छपरांच्या कामाचा पुढे बराच गाजावाजा झाला. नावीन्याच्या निकषावर ती ओळ पहिल्याच चाळणीत गळाली असती. परीक्षकांनी तिच्याखाली तीन प्रश्न लिहून ती परत पाठवली: छपरावर कोण चढणार, पावसानंतर काय, आणि तुमच्या शेजाऱ्यांनी हे आजवर का केले नाही?

उत्तर आले ते दोन पानांचे. त्या रांगेतील बहुतेक घरे भाड्याची होती आणि घरमालकाने चुना लावू दिला नव्हता, कारण चुन्याने पत्रा गंजतो असे त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे निराधार नव्हते. चुन्यातील क्षारामुळे पत्र्यावरील जस्ताचा थर खराब होऊ शकतो, त्यामुळे चुना सिमेंटच्या स्लॅबला ठीक, पत्र्याला उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंगच बरा. पत्र्यावर माणूस चढला की खिळ्यांपाशी भोके रुंदावतात आणि पावसाळ्यात घर गळते, म्हणून रंग शिडीवरूनच, लांब बांबूला बांधलेल्या ब्रशने द्यावा लागेल, हेही त्यांनी लिहिले होते. दिवसा पत्रा इतका तापतो की रंग धरण्याआधीच वाळून सुटतो, तेव्हा हे काम संध्याकाळी उशिरा करायचे. रंगाचा खर्च तीन भाडेकरू आणि मालक यांनी चार वाट्यांत करायचा आणि भाडेकरू घर सोडून गेला तर त्याचा वाटा पुढच्याने द्यायचा, असा तोडगाही त्यांनी मालकाशी बोलून काढला होता. एका घराचे छप्पर मुद्दाम तसेच ठेवून दुपारी तीन वाजता दोन्ही घरांतील तापमान वहीत लिहायचे, ही सूचना मात्र परीक्षकांची. त्या दोन पानांतील जवळजवळ प्रत्येक वाक्य असे होते की, ते लिहिण्यासाठी त्या छपराखाली राहणे आवश्यक होते. हेच हवे असते.

कोणाकडून काय मिळेल याचा अंदाज आधी बांधू नये, याला संशोधनाचाही आधार आहे. करीम लखानी आणि लार्स बो येप्पेसेन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ऑनलाइन जाहीर केलेल्या १६६ वैज्ञानिक समस्या तपासल्या होत्या. समस्येच्या मूळ क्षेत्रापासून ज्याचे क्षेत्र दूर, त्याने ती सोडवण्याची शक्यता अधिक, असे त्यात आढळले. पाण्याच्या प्रश्नावर प्लंबर, कपडे धुणारी बाई, सोसायटीचा चौकीदार, टँकरचालक आणि निवृत्त लेखापाल यांच्यापर्यंत स्पर्धा पोहोचली नाही आणि केवळ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली, तर तिच्यातून नेहमीचीच सेन्सर आणि ॲपची चित्रे येतील. म्हणून ऑनलाइन अर्जाबरोबरच व्हॉट्सॲपवर तीन मिनिटांचा बोलका संदेश स्वीकारा, आणि तो मराठी, हिंदी किंवा माळवी यांपैकी कोणत्याही बोलीत असू द्या. तुमच्या वाचनालयातील तरुण सभासदांनी तो ऐकून लिहून काढावा आणि बोलणाऱ्याला वाचून दाखवावा. हे काम वेळखाऊ आहे, परंतु स्पर्धेसाठी जेवढे स्वयंसेवक मिळतील त्यातील अर्धे मी याच कामाला लावीन. सुदामानगर किंवा लोकमान्यनगरमधील आजी-आजोबांनी नर्मदा शहरात येण्याआधीचे इंदूर पाहिले आहे. विहिरी, बावड्या आणि घरातील पाण्याची काटकसर यांविषयी त्यांना जे आठवते, ते लिहून पाठवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये, ते जाऊन ऐकावे.

निकाल केवळ मतदानाने लावू नका. ऑनलाइन मतदानात ज्याचे नातेवाईक, वर्गमित्र आणि व्हॉट्सॲप गट मोठे, तो पुढे जातो, आणि एकदा हे लक्षात आले की प्रामाणिक स्पर्धक पुढच्या वर्षी येत नाहीत. क्लायमेट कोलॅबमध्ये परीक्षकांची निवड आणि लोकांची निवड वेगवेगळी जाहीर होत असे. तीच रीत ठेवा. परीक्षकांत पाणीपुरवठ्याचे काम प्रत्यक्ष केलेला एक अभियंता, एक अनुभवी प्लंबर, एखाद्या सोसायटीचे सचिव आणि हिशेब पाहणारी एक व्यक्ती असावी. प्रतिष्ठित पाहुणे बक्षीस समारंभाला बोलवावेत, परीक्षक म्हणून त्यांची गरज नाही.

कायदेशीर बाबी थोडक्यात. कल्पना सर्वांसमोर एकदा प्रसिद्ध झाली की पुढे तिच्यावर पेटंट मिळणे बहुधा अशक्य होते, म्हणून ज्याला आपले उपकरण पुढे बाजारात आणायचे असेल त्याने आधी सल्ला घ्यावा, ही सूचना अर्जाच्या वरच्या भागातच द्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. नाव आणि फोन नंबर यांपलीकडे माहिती मागू नका, आणि १८ वर्षांखालील स्पर्धकांसाठी पालकांची संमती घ्या.

बक्षिसाबद्दल माझा सल्ला कदाचित कार्यकारिणीला आवडणार नाही. २१ हजारांतील पाच हजार विजेत्याला द्या आणि उरलेले १६ हजार त्याच कल्पनेच्या चाचणीसाठी राखून ठेवा. एक्सप्राइझनेही २०२२ मध्ये, म्हणजे अंतिम निकालाच्या तीन वर्षे आधी, १५ चमूंना प्रत्येकी दहा लाख डॉलर दिले होते, कारण कागदावरील कल्पना जमिनीवर येण्याचा खर्च स्पर्धकानेच सोसावा ही अपेक्षा ठेवली तर फक्त सधन स्पर्धक टिकतात. १६ हजारांत एका मध्यम इमारतीच्या नळांना पाण्याची धार कमी करणाऱ्या जाळ्या बसतात, आरओचे सांडपाणी साठवायला टाकी आणि नळी येते, आणि इमारतीच्या मुख्य वाहिनीवर मीटर नसेल तर तोही बसवता येतो. मीटर आधी बसवा, जाळ्या नंतर. आधीचे आकडे नसतील तर बचत सिद्ध करता येणार नाही.

आता ज्या गोष्टीवर मी सर्वांत जास्त भर देतो, ती. निवडलेल्या कल्पनेला धनी आधी ठरवा. स्पर्धा जाहीर होण्यापूर्वी किमान दोन सोसायट्यांकडून लेखी घ्या की, निवडलेली कल्पना आम्ही आमच्या इमारतीत वर्षभर चालवू आणि मीटरचे आकडे दर महिन्याला देऊ. महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयातील पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला आणि वॉर्डाच्या पार्षदांना प्रश्नाचा मसुदा दाखवा आणि त्यांना विचारा की, याचे चांगले उत्तर आले तर तुमच्या पातळीवर काय करता येईल. त्यांचे उत्तर ‘काहीच नाही’ असे आले तर प्रश्न बदला. शहराच्या देवगुराडियातील बायो-सीएनजी प्रकल्प, ज्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२२ मध्ये झाले आणि ज्याची क्षमता दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे, त्याकडे या दृष्टीने पाहावे. कचऱ्यापासून गॅस ही कल्पना जुनीच आहे. इंदूरमध्ये ती चालते याचे कारण दारावर ओला आणि सुका कचरा वेगळा घेणारी गाडी रोज येते, वेगळा न केलेला कचरा नाकारण्याचा अधिकार त्या गाडीवरील माणसाला आहे, आणि त्याच्या मागे संपूर्ण यंत्रणा उभी आहे. लोकांच्या कल्पनेला एवढी यंत्रणा देणे वाचनालयाला शक्य नाही, पण दोन इमारती आणि त्यांचे दोन जबाबदार सचिव देणे नक्कीच शक्य आहे.

वेळापत्रक ऋतूप्रमाणे आखा. गणेशोत्सवात प्रश्न जाहीर करावा, कारण तेव्हा आपली सारी मंडळी एकत्र भेटतात. दिवाळीनंतर प्रवेशिका बंद. डिसेंबरात परीक्षकांचे शेरे. संक्रांतीपर्यंत सुधारलेले मजकूर. आणि रंगपंचमीच्या आधी निवड, म्हणजे उन्हाळ्याची टंचाई सुरू होण्यापूर्वी साहित्य बसलेले असेल. निवड न झालेल्या प्रत्येक स्पर्धकाला दोन ओळींचे कारण कळवा आणि त्यांनी सांगितलेल्या अडथळ्यांची एकत्र यादी करून ती झोन कार्यालयाला द्या. अनेकदा विजेत्या कल्पनेपेक्षा ही यादीच अधिक उपयोगी ठरते. पुढच्या वर्षीच्या गणेशोत्सवात नवा प्रश्न जाहीर करण्याआधी, दोन्ही इमारतींच्या मीटरचे तोवरचे सगळे आकडे, कमी झाले असोत वा नसोत, फलकावर लावा.